पहिला ड्रोन घेताना



एप्रिल जवळ आला की आमच्याकडे येणाऱ्या पत्रांत एक प्रश्न हमखास असतो. कोणाला १४ एप्रिलच्या जयंती सोहळ्याचे आकाशातून चित्रीकरण करावयाचे असते. कोणाच्या मुलीने ज्युनिअर सायकलची परीक्षा संपल्याचे बक्षीस म्हणून ड्रोन मागितलेला असतो. कोणी विजयादशमीला नागपूरला जाणार असतात आणि दीक्षाभूमीचा शुभ्र घुमट वरून टिपण्याची त्यांची फार दिवसांची इच्छा असते. हेतू निरनिराळे, प्रश्न मात्र एकच : पहिला ड्रोन कोणता घ्यावा?

या प्रश्नाचे उत्तर आम्ही एकदा स्वतः चुकीचे दिलेले आहे, हे आधीच कबूल करतो. आमचा पहिला ड्रोन चाळीसेक युरोंचा होता. खोक्यावर कॅमेऱ्याचे मोठमोठे आकडे छापलेले होते व ते वाचूनच आम्ही तो घेतला. पश्चिम किनाऱ्यावरील एका पुळणीवर, मुलांच्या समोर, तो उंच उडाला आणि वाऱ्याबरोबर समुद्राकडे निघाला. रिमोटच्या काड्या उलट्या दिशेने कितीही दाबल्या तरी तो थांबेना. दोन मिनिटांत तो दिसेनासा झाला. मुलांचा हिरमोड झालाच. शिवाय एक बॅटरी व मूठभर प्लास्टिक आम्ही समुद्रात टाकून आलो, ही बोचणी आजही आहे. कॅमेरा किती चांगला हे आम्ही पाहिले होते. वाऱ्यात हे यंत्र जागेवर उभे राहील काय, हे मात्र कोणालाच विचारले नव्हते.

त्या दिवसानंतर आम्ही नवशिक्यांना तीन प्रश्न विचारावयास सांगतो. हा ड्रोन येथील वाऱ्यात टिकेल काय? येथील कायद्यात तो सहज बसेल काय? आणि तो कोणाकडे पाहणार आहे? कॅमेऱ्याची गुणवत्ता हा चौथा प्रश्न. पहिल्या तिघांची उत्तरे मिळाल्यावर तो विचारावा.

वारा

आयर्लंडमध्ये ड्रोनचा पहिला परीक्षक वारा असतो. स्वस्त खेळण्यातल्या ड्रोनमध्ये बहुधा हवेचा दाब मोजणारा एक छोटा संवेदक असतो. तो उंची राखतो. पण आपण जमिनीच्या कोणत्या बिंदूवर आहोत हे त्या यंत्राला कळत नाही. वारा जिकडे नेईल तिकडे ते सरकत जाते. जीपीएस असलेला ड्रोन उपग्रहांवरून आपली जागा ओळखतो. वाऱ्याने ढकलले की तो वाऱ्याच्या दिशेने कलून तेवढाच प्रतिकार करतो व काड्या सोडल्या तरी जागेवर स्थिर राहतो. म्हणून पहिल्या ड्रोनमध्ये जीपीएस असावेच, आणि त्यासोबत ‘घरी परत’ ही सोयही असावी. संपर्क तुटला किंवा बॅटरी उतरत आली की ड्रोन उड्डाणाच्या जागी आपोआप परततो तो याच सोयीमुळे. मात्र उपग्रह पुरेसे सापडून घराची जागा नोंदली गेल्याचा संदेश येण्यापूर्वी उड्डाण करू नये. आणि परतीची उंची आसपासच्या सर्वांत उंच झाडापेक्षा अधिक ठेवावी. नाहीतर यंत्र परततानाच झाडात अडकते.

लहान ड्रोनच्या माहितीपत्रकात वाऱ्याची मर्यादा दिलेली असते. डीजेआय कंपनीच्या मिनी मालिकेतील अनेक यंत्रांसाठी ती सेकंदाला १०.७ मीटर, म्हणजे ताशी सुमारे ३८ किलोमीटर आहे. पानांनी भरलेली लहान झाडे डोलू लागतात तो हा वारा. ही यंत्राची मर्यादा आहे, शिकणाऱ्याची नव्हे. पहिले दोन महिने मेट एरनच्या अंदाजात ताशी २० किलोमीटरपेक्षा अधिक वारा दिसला तर ड्रोन घरीच ठेवावा. जमिनीवर शांत वाटणारा वारा शंभर मीटर उंचीवर बराच जोरकस असतो, हेही ध्यानात असावे. आणखी एक जुना संकेत पाळावा : जाताना वाऱ्याच्या विरुद्ध जावे, म्हणजे थकलेल्या बॅटरीला येताना वाऱ्याची साथ मिळते. आम्ही पुळणीवर नेमके उलटे केले होते.

पावसाविषयी एवढेच, की घरगुती वापराचे बहुतेक ड्रोन पाण्यापासून सुरक्षित नसतात. भुरभुर पाऊसही मोटारीत व विद्युत मंडलात शिरतो. थंडीत बॅटरी लवकर उतरते. माहितीपत्रकात तीस मिनिटे लिहिलेली असली तर जानेवारीत वीसच धरावीत, आणि तीस टक्के बॅटरी शिल्लक असतानाच यंत्र खाली घ्यावे.

वजन आणि कायदा

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर बव्हंशी एका आकड्यात आहे : २५० ग्रॅम. ड्रोनविषयीचे युरोपीय संघाचे नियम आयर्लंडला लागू आहेत व येथे त्यांची अंमलबजावणी आयरिश एव्हिएशन ऑथॉरिटी, म्हणजे आयएए, करते. या नियमांत यंत्रांना वर्गचिन्हे दिलेली आहेत. सी०चे चिन्ह २५० ग्रॅमच्या आतील ड्रोनला, सी१चे ९०० ग्रॅमच्या आतील ड्रोनला आणि सी२चे चार किलोच्या आतील ड्रोनला मिळते. वजन वाढते तसे माणसांपासून राखावयाचे अंतर वाढते आणि द्यावयाच्या परीक्षाही वाढतात. सी०साठी चालकाने माहितीपुस्तिका नीट वाचलेली असणे पुरेसे मानले जाते. सी१साठी ऑनलाइन प्रशिक्षण व परीक्षा आवश्यक आहे. परीक्षेत ४० बहुपर्यायी प्रश्न असतात व उत्तीर्ण होण्यास ७५ टक्के गुण लागतात.

जुना, वापरलेला ड्रोन स्वस्तात मिळतो म्हणून घेणाऱ्यांनी येथे थोडे थांबावे. १ जानेवारी २०२४ पासून वर्गचिन्ह नसलेला व २५० ग्रॅम किंवा त्याहून जड ड्रोन केवळ ‘ए३’ या उपवर्गातच उडवता येतो. याचा अर्थ निवासी, व्यापारी, औद्योगिक आणि करमणुकीच्या क्षेत्रांपासून किमान १५० मीटर दूर, जेथे इतर माणसे नाहीत अशा ठिकाणी. डब्लिनच्या उपनगरात राहणाऱ्या कुटुंबाला अशी जागा शोधण्यासाठी प्रत्येक वेळी तासभर गाडी हाकावी लागेल. स्वस्तात घेतलेले यंत्र मग कपाटातच राहते. म्हणून खोक्यावर सी०चे चिन्ह आहे याची खात्री करूनच पैसे द्यावेत. त्याच यंत्राला मोठ्या क्षमतेची बॅटरी लावली तर वजन २५० ग्रॅमच्या वर जाते व त्याच्याबरोबर नियमही बदलतात, हेही लक्षात असू द्यावे.

हलका ड्रोन म्हणजे नियममुक्त ड्रोन, असा गैरसमज आपल्या मंडळींत फार आहे. ड्रोनला कॅमेरा असेल तर तो २५० ग्रॅमच्या आतील असला तरी चालवणाऱ्या व्यक्तीला आयएएकडे ऑपरेटर म्हणून नोंदणी करावी लागते. अपवाद फक्त खेळणे म्हणून प्रमाणित झालेल्या ड्रोनचा. नोंदणी व्यक्तीची असते, यंत्राची नव्हे. एकच क्रमांक आपल्या सर्व ड्रोनवर चिकटवावयाचा असतो. नोंदणी एका सदस्य देशात केली की ती युरोपीय संघात सर्वत्र चालते. उत्तर आयर्लंड मात्र ब्रिटनच्या नियमांखाली आहे. बेलफास्टला किंवा जायंट्स कॉजवेला जाताना तेथील वेगळी नोंदणी लागते, आणि सीमेवर कोणी अडवत नाही म्हणून ती विसरली जाते.

उंचीची मर्यादा जमिनीच्या सर्वांत जवळच्या बिंदूपासून १२० मीटर आहे. फोनवर दिसणारा आकडा मात्र उड्डाणाच्या जागेपासून मोजलेला असतो. कड्याच्या टोकावरून ड्रोन समुद्रावर नेला की फोन १० मीटर दाखवतो, आणि खालचे पाणी दोनशे मीटर खोल असू शकते. ड्रोन सदैव डोळ्यांनी दिसला पाहिजे, पडद्यावर दिसणे पुरेसे नाही. चष्मा घालून उडवण्याचे जे वेगवान ड्रोन तरुणांना आवडतात, त्यांच्यासाठी शेजारी उभा राहून यंत्रावर नजर ठेवणारा दुसरा माणूस लागतो. तो प्रकार पहिल्या ड्रोनसाठी नाही.

आता ज्युनिअर सायकल संपवणाऱ्या मुलीविषयी. युरोपीय नियमांत चालकाचे किमान वय १६ आहे. त्याहून लहान मुलाला खेळणे म्हणून प्रमाणित ड्रोन उडवता येतो, किंवा वय व पात्रता असलेल्या मोठ्या माणसाच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली अन्य ड्रोन उडवता येतो. म्हणजे पंधरा वर्षांच्या मुलीला ड्रोन भेट देणाऱ्या आईवडिलांनी आधी स्वतः शिकले पाहिजे. आमचा आग्रह असा, की सी०साठी सक्ती नसली तरी ती ४० प्रश्नांची परीक्षा आई, वडील आणि मुलगी यांनी एकत्र अभ्यास करून द्यावी. ज्या समाजाने वाचण्यालिहिण्याचा हक्क लढून मिळवला, त्याच्या घरात माहितीपुस्तिका न वाचता यंत्र उडवले जाऊ नये.

कोणता घ्यावा

दहा-बारा वर्षांच्या मुलासाठी घरात किंवा सभागृहात उडवता येणारा, पंख्यांभोवती कडे असलेला छोटा ड्रोन पुरे. बंदिस्त जागेत हवाई नियमांचा प्रश्न येत नाही व पडला तरी हानी थोडी. टेलो नावाच्या ८० ग्रॅमच्या ड्रोनला स्क्रॅच व पायथन या भाषांतून आज्ञा देता येतात. उडवण्याबरोबर संगणकाची भाषाही शिकता येते, हा त्याचा खरा लाभ.

घराबाहेर प्रथमच उडवणाऱ्या प्रौढासाठी दोन वाटा आहेत. डीजेआय निओ हा १३५ ग्रॅमचा ड्रोन तळहातावरून उडतो व तळहातावर उतरतो. त्याचे पंखे पूर्ण झाकलेले आहेत. सहलीत कुटुंबाचे छोटे चित्रण करावयाचे असेल तर तो सोपा. पण वाऱ्यापुढे तो लवकर हतबल होतो. खरोखर उडवणे शिकावयाचे असेल तर मिनी मालिकेतील साधे यंत्र, उदाहरणार्थ २४९ ग्रॅमचे मिनी ४के, अधिक योग्य. ते बाजारात आले तेव्हा त्याची किंमत ३०० युरोंच्या आसपास होती. त्याला समोरचा अडथळा दिसत नाही, ही त्याची उणीव आहे. मिनी ४ प्रोला सर्व बाजूंचे अडथळे ओळखता येतात, परंतु त्याची किंमत बरीच अधिक. आमच्या मते शिकणाऱ्याने पहिले यंत्र मधल्या किमतीचे घ्यावे आणि वाचलेल्या पैशांतून दोन जादा बॅटऱ्या, पंख्यांचे दोन संच व उतरवण्यासाठी एक चटई घ्यावी. एका बॅटरीवर वीस मिनिटांत हात बसत नाही. तीन बॅटऱ्यांवर तासभर सराव होतो. पंखे तर तुटणारच.

पहिल्या चार उड्डाणांचा क्रम ठरवून घ्यावा. सकाळची शांत वेळ, मोकळे रान, मोटारीचे टप व लोखंडी सळ्यांचे काँक्रीट यांपासून दूर, कारण लोखंडामुळे ड्रोनचे होकायंत्र भरकटते. पहिल्या दिवशी केवळ दहा मीटर उंचीवर उभे राहणे व उतरणे. दुसऱ्या दिवशी चौकोन. तिसऱ्या दिवशी ड्रोनचे तोंड आपल्याकडे करून उडवणे. या वेळी डावेउजवे उलटते आणि बहुतेक अपघात येथेच होतात. चौथ्या दिवशी इंग्रजी आठचा आकडा. चित्रीकरणाचा विचार त्यानंतर करावा. सोबत हवी असेल तर मॉडेल एअरोनॉटिक्स कौन्सिल ऑफ आयर्लंडशी संलग्न क्लब देशभर आहेत. तेथे जुनेजाणते लोक आपुलकीने शिकवतात, आणि शेजारधर्म जुळतो तो वेगळाच.

कोठे उडवावा, कोणाकडे पाहावे

आपली पुष्कळ कुटुंबे डब्लिनच्या पश्चिमेस राहतात, आणि नेमका तोच भाग विमानांचा आहे. सिटीवेस्टला लागून बाल्डॉनेल येथे लष्कराचा केसमेंट विमानतळ आहे. ल्यूकनजवळ वेस्टनचा विमानतळ आहे. ब्लँचर्डस्टाउनपासून डब्लिन विमानतळ फार दूर नाही. २०२३च्या आरंभी ड्रोन दिसल्यामुळे डब्लिन विमानतळावरील उड्डाणे अनेकदा थांबवावी लागली होती. तेव्हापासून येथील लोक या विषयी स्वाभाविकच हळवे आहेत. आयएएने निर्बंधित क्षेत्रांचा नकाशा प्रसिद्ध केलेला आहे. घराबाहेर पडण्यापूर्वी तो प्रत्येक वेळी पाहावा. फोनवरील ॲपने अडवले नाही याचा अर्थ परवानगी मिळाली असा होत नाही. ओपीडब्ल्यूच्या ताब्यातील प्राचीन वास्तू व उद्याने, तसेच राष्ट्रीय उद्याने येथे आगाऊ परवानगी घ्यावी. कौन्सिलच्या उद्यानांचे स्वतंत्र उपविधी असतात, तेही विचारून घ्यावेत.

तिसरा प्रश्न पाहण्याचा. ड्रोनचा कॅमेरा शेजाऱ्याच्या कुंपणापलीकडे सहज पोहोचतो. आपण पंचशील घेतो तेव्हा न दिलेले न घेण्याचे वचन देतो. शेजारीण अंगणात कपडे वाळत घालते, तिचे मूल गवतावर खेळते. त्यांचे चित्र त्यांनी आपल्याला दिलेले नसते. कायदाही याच दिशेने जातो. घरावर लावलेल्या कॅमेऱ्यात सार्वजनिक रस्ता टिपला जात असेल तर ती निव्वळ घरगुती बाब राहत नाही, असा निर्णय युरोपीय न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये दिलेला आहे. पहिल्या शीलाचाही येथे संबंध येतो. आयर्लंडमध्ये १ मार्च ते ३१ ऑगस्ट या काळात कुंपणाची झुडपे तोडण्यावर निर्बंध असतो, कारण पक्षी घरटी करतात. त्या काळात कड्यांजवळ व झुडपांवर ड्रोन नेला तर भ्यालेले पक्षी अंडी सोडून उठतात. सीलच्या कळपावर तो नेऊ नये हे सांगावयास नको.

ब्लँचर्डस्टाउनच्या आकाशात मॅना या आयरिश कंपनीचे ड्रोन कॉफी व जेवण पोहोचवतात. त्यांच्या आवाजाविषयी व घरांवरून जाण्याविषयी तेथील रहिवाशांनी तक्रारी केलेल्या आहेत. अशा वस्तीत आपला छोटा ड्रोन उडाला तर त्या नाराजीचा वाटा आपल्याही पदरी येतो. येथे एक कटू गोष्ट बोलणे भाग आहे. जुलै २०२५ मध्ये टाला येथे एका भारतीय गृहस्थावर क्रूर हल्ला झाला. पुढे आणखी हल्ल्यांच्या बातम्या आल्या व भारतीय दूतावासाने आपल्या नागरिकांना सावधगिरीची सूचना दिली. दोष सर्वस्वी हल्लेखोरांचा होता. तरीही अनोळखी चेहऱ्याचा माणूस कॅमेऱ्याचे यंत्र घेऊन मुलांच्या खेळाच्या मैदानाशेजारी उभा राहिला, तर कोणाच्या मनात काय येईल हे आपल्याला ठाऊक आहे. म्हणून आम्ही सांगतो : खेळाच्या मैदानाजवळ उडवू नये, एकट्याने जाऊ नये, चमकदार जाकीट घालावे, शेजाऱ्याला आधी सांगावे, आणि कोणी विचारले तर त्याला पडदा दाखवावा. नोंदणी क्रमांक यंत्रावर व प्रमाणपत्र खिशात असले की गार्डा आला तरी आपण ताठ मानेने बोलू शकतो. कायदा पाळणे म्हणजे दबून राहणे नव्हे. ज्याच्या हातात कायद्याचे पुस्तक असते त्याला कोणाच्या मेहरबानीची गरज नसते, हे बाबासाहेबांच्या अनुयायांना निराळे सांगावयास नको.

जयंती आणि नागपूर

आता जयंतीच्या चित्रीकरणाविषयी. कितीही हलका ड्रोन असला तरी जमावावरून उडवण्यास मनाई आहे. जमाव म्हणजे किती माणसे, याचा आकडा नियमात नाही. गर्दी इतकी दाट असेल की ड्रोन कोसळला तर माणसांना बाजूला होता येणार नाही, तेथे जमाव झाला असे समजतात. मिरवणूक, ध्वजवंदन, भोजनाची रांग हे सारे त्यात येते. आमचेच सगळे आहेत, सर्वांची संमती आहे, हे म्हणणे येथे चालत नाही. मग आम्ही काय केले? लोक जमण्यापूर्वी, रिकाम्या हिरवळीवर निळे ध्वज लावून झाले तेव्हा, वरून दोन मिनिटांचे चित्रण घेतले. सोहळा सुरू झाल्यावर ड्रोन बाजूच्या मोकळ्या जागेवर, माणसांपासून दूर ठेवून तिरक्या कोनातून टिपले. चित्रफीत उत्तम झाली आणि कोणाच्या डोक्यावर काही घोंगावले नाही.

नागपूरला जाणाऱ्यांना मात्र स्पष्ट सांगतो : ड्रोन सोबत नेऊ नका. भारत सरकारने ९ फेब्रुवारी २०२२ पासून परदेशी बनावटीच्या ड्रोनच्या आयातीवर बंदी घातलेली आहे; संशोधन, संरक्षण व सुरक्षा यांसाठीच अपवाद आहेत. भाच्याला भेट म्हणून नेलेला ड्रोनही सीमाशुल्काच्या टेबलावर राहतो. शिवाय धम्मचक्र प्रवर्तन दिनी दीक्षाभूमीवर लाखोंचा जनसमुदाय असतो. त्याच्यावर यंत्र उडवण्याचा विचार सुज्ञाने करू नये. त्या दिवशी पायी चालत, त्या गर्दीतला एक होऊन स्तूप पाहावा. युरोपात इतरत्र विमानाने जाताना ड्रोनच्या बॅटऱ्या हातातल्या सामानात घ्याव्यात. जादा लिथियम बॅटऱ्या खाली जाणाऱ्या सामानात टाकता येत नाहीत. मिनीची बॅटरी साधारण १९ वॅट-अवरची असते व सर्वसाधारण मर्यादा १०० वॅट-अवर आहे, म्हणून तिची चिंता नाही.

ड्रोन नेता येत नसला तरी गावाकडे गेलात तर एका ड्रोनची चौकशी अवश्य करावी. २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत देशभरातील गावठाणांची ड्रोनने मोजणी होते. पुणे जिल्ह्यातील पुरंदर तालुक्यातले सोनोरी हे गाव त्याच्या पथदर्शी प्रयोगाचे होते. ड्रोन येण्यापूर्वी घरांच्या हद्दी चुन्याने आखल्या जातात, वरून चित्रे घेतली जातात, मग चौकशी व हरकती होऊन मालमत्तेची सनद मिळते. ज्यांचे घर गावाच्या कडेला आहे आणि घरचे सारे शहरात किंवा परदेशात आहेत, त्यांची हद्द त्या दिवशी कोणी आखली? शतकानुशतके आपल्या घरांची जागा इतरांनी ठरवली. आता आकाशातून काढलेल्या नकाशावर आपले घर कोणाच्या नावे आहे, हे आपण स्वतः पाहिले पाहिजे. उपअधीक्षक भूमी अभिलेख यांच्या कार्यालयात जाऊन सनद पाहावी. घर गायरानावर किंवा जुन्या वतनाच्या जमिनीवर असेल तर ती बाब निराळी आहे. त्यासाठी जाणकार वकिलाचा सल्ला घ्यावा.

वरून पाहण्याने काय साधते याचे एक सुंदर उदाहरण याच देशात आहे. जुलै २०१८च्या कोरड्या उन्हाळ्यात न्यूग्रेंजजवळ बॉइन नदीच्या खोऱ्यात अँथनी मर्फी व केन विल्यम्स हे दोघे आपापले ड्रोन उडवत होते. खालच्या शेतात त्यांना एक प्रचंड वर्तुळ दिसले. हजारो वर्षांपूर्वी खणलेले खड्डे व चर मातीने भरून गेले होते. पण त्या मातीत ओल अधिक टिकते, म्हणून अवर्षणातही तेवढ्या रेषेवरचे पीक हिरवे राहिले होते. त्या शेतातून पिढ्यान्पिढ्या माणसे चालत गेली होती आणि कोणालाही ते दिसले नव्हते. त्या दोघांची यंत्रे काही जगावेगळी नव्हती. त्यांना ती भूमी ठाऊक होती, आणि काय दिसते आहे हे ओळखण्याइतका त्यांचा अभ्यास होता.

तेव्हा लहान ड्रोन घ्या. आपले नाव नोंदवा, पुस्तिका वाचा, शेजाऱ्याला सांगा, वारा पाहा. तुमच्या मुलीला हाताशी धरून पहिले दहा मीटर चढा. कॅमेऱ्याचे मोठे आकडे दुसऱ्या ड्रोनसाठी राहू द्यात.

जय भीम. नमो बुद्धाय.